मूतखडा काढण्याची उपकरणे : निवड आणि दक्षता

मूत्राशयातील खडा छेद घेऊन काढण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आढळते. मूत्रपिंडातील खड्यासाठी मात्र विसाव्या शतकातही दीर्घकाळ मोठा छेद घ्यावा लागे. १९७६ मध्ये स्वीडनमधील फर्नस्ट्रोम व योहान्सन यांनी पाठीतील लहान छिद्रातून खडा काढण्याची पद्धत मांडली. १९८० मध्ये म्युनिक येथे शरीराबाहेरून दिलेल्या आघात-लहरींनी रुग्णाचा खडा प्रथमच फोडण्यात आला. पुढे मूत्रमार्गातून जाणारी लवचीक दुर्बीण व होल्मियम लेसर यांची भर पडली. खराडीसह पुणे शहरात या पद्धती आज उपलब्ध आहेत.

उपकरणाची निवड खड्याचा आकार, काठिण्य व स्थान यांवर अवलंबून असते. मूत्रपिंडातील २ सें.मी.पेक्षा मोठ्या खड्यासाठी सामान्यतः पाठीतील छिद्राचा मार्ग, तर त्याहून लहान खड्यासाठी लहरी किंवा लवचीक दुर्बीण योग्य ठरते. शस्त्रक्रियेनंतर सुजेमुळे मूत्र अडू नये म्हणून अनेकदा मूत्रवाहिनीत स्टेंट ही तात्पुरती नळी ठेवतात. वेदना थांबल्यावर काही रुग्णांना तिचा विसर पडतो. कालांतराने नळीवरच क्षार साचून मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका संभवतो. म्हणूनच नळी काढण्याची तारीख रुग्णास लेखी देणे व तिची रुग्णालयात नोंद ठेवणे, हा उपचाराचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.