निळा धूर केव्हा येतो?

पवईत हिरानंदानीच्या बाजूला रस्त्यांना बराच चढउतार आहे. एखादी जुनी मोटार असा चढ चढताना मागे निळसर धूर सोडते आणि तिचे इंजिन मधूनमधून अडखळते, हे आपण पाहिले असेल. 'गाडी तेल खाते, मिसिंगही आहे. इंजिन कामाला आले,' असा निकाल गॅरेजमध्ये चटकन दिला जातो. तो बरोबर असेलही. पण चुकला तर सगळे इंजिन उघडण्याचा खर्च मालकाच्या माथी विनाकारण बसतो. धुराच्या रंगाबरोबर त्याची वेळही पाहिली, तर इंजिन न उघडता पुष्कळ कळते. त्याला लागणारे पदार्थविज्ञान शाळेतलेच आहे.

उदाहरणासाठी प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होत असे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे अनेक वर्षे हीच गाडी. टॅक्सींना २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून संपली. हौशी लोकांनी मात्र अजून जपली आहे. तिच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि आत वरखाली होणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७५ मिलिमीटर. चारही सिलिंडरांचे मिळून आकारमान काढून पाहा. सुमारे १०८९ घन सेंटीमीटर येईल.

दट्ट्याच्या खाली वंगणाचे तेल असते आणि वर, झडपांच्या दांड्यांभोवतीही असते. मधल्या जागेत पेट्रोल जळते. तेथे तेलाला येऊ द्यायचे नाही, हे काम खालच्या बाजूने दट्ट्यावरच्या रिंगा करतात, आणि वरच्या बाजूने झडपेची दांडी ज्या नळीत सरकते ती नळी, म्हणजे गाइड. यांपैकी काहीही झिजले तरी तेल आत येते, अर्धवट जळते आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब धुराबरोबर बाहेर पडतात. हे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान असल्याने निळा प्रकाश जास्त विखुरतात. उदबत्तीचा धूर काळ्या कापडासमोर धरून पाहा, तो निळसर दिसेल. त्याच धुरातून दिव्याकडे पाहा, दिवा तांबूस वाटेल. पाण्याच्या वाफेचे थेंब मोठे, म्हणून ती पांढरी दिसते. काळा धूर म्हणजे काजळी; पेट्रोल जास्त आणि हवा कमी असल्याची ती खूण.

मग तेल वरून आले की खालून, हे कसे ओळखावे?

जुन्या महामार्गाने लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरणारी गाडी डोळ्यांपुढे आणा. चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आहे, पण गाडी गिअरमध्ये आहे. चाकेच इंजिनाला फिरवत आहेत. दट्ट्या हवा ओढतो, पण हवेची वाट जवळजवळ बंद! इंजिन नुसते जागेवर चालू असतानाही आत येणाऱ्या नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा पाऱ्याच्या ४५ ते ५० सेंटीमीटर इतका कमी असतो. उतारावर तो आणखी उतरतो. वातावरणाचा पूर्ण दाब ७६ सेंटीमीटर, हे ध्यानात घ्या. इतक्या ओढीने गाइड झिजलेले असेल तर वरचे तेल दांडीवरून आत शोषले जाते. पायथ्याशी चालकाने पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळा लोट उठतो आणि थोड्या वेळात विरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीने सकाळी सुरू होताना धुराचा एक झपका द्यावा, हीदेखील गाइडचीच खूण; रात्री तेल हळूहळू खाली झिरपलेले असते.

रिंगांचे उलट असते. चढावर, जोर लावताना, ज्वलनाचा दाब सर्वांत जास्त. झिजलेल्या रिंगांच्या फटीतून वायू खाली घुसतात, सिलिंडरच्या भिंतीवर राहिलेले तेल जळते आणि जोर असेपर्यंत धूर चालूच राहतो. तेल भरण्याच्या तोंडाचे झाकण काढले तर तेथूनही भकभक वाफारा येतो. अर्थात जोरदार ओढीने झिजलेल्या रिंगांमधूनही थोडे तेल वर येते, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये.

आता अडखळणे. इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर चार सिलिंडरांना मिळून सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. कॉइल १२ व्होल्टचे कित्येक हजार व्होल्ट करते. प्लगवर तेलाचा कोळसा बसला की विजेला सोपी वाट मिळते. ती फट ओलांडून उडी मारण्याऐवजी कोळशावरून निसटते आणि तो सिलिंडर मुका होतो. पण प्रत्येक मिसिंगला तेल जबाबदार नसते. आपल्याकडे पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात दमट हवा साचूनही तेच होते, धूर मात्र मुळीच नसतो. प्लग काढून पाहिला की बहुधा उलगडा होतो. तो तेलाने काळा चकचकीत असेल तर तेल आत येते आहे. पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीच पडत नाही. करडा-तपकिरी असेल तर ठीक. हे काम माहीतगारानेच करावे. चालू इंजिनाच्या तारांना हात लावू नये, आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणे तर जिवावर बेतते, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही आणि वासही नाही.

शेवटची परीक्षा दाबमापकाची. सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, स्टार्टरने इंजिन फिरवतात आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. एखाद्याचा कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडून पुन्हा मोजतात. तेल दट्ट्यावर पसरून रिंगांच्या कडेची फट तात्पुरती बुजवते. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा झिजलेल्या सिलिंडरचा. वाढला नाही तर झडप नीट बसत नसेल किंवा हेडखालचे गॅस्केट गेले असेल, कारण तेथपर्यंत तेल पोहोचतच नाही. आणि चारही सिलिंडरांचा दाब पहिल्यापासून चांगला असून घाट उतरल्यावर तेवढा निळा लोट येत असेल, तर संशय गाइडवर घ्यावा. तेवढ्यासाठी नुसते हेड उतरवले की भागते, दट्ट्ये आणि रिंगा जागच्या जागी राहतात.