बॅकअप झाला नाही म्हणजे सर्व्हिस बंद पडली, असं नव्हे

सकाळी ऑफिस उघडतं, रात्री अकराचा बॅकअप झालेला नसतो आणि निदान लगेच ठरतं: ‘टास्क शेड्यूलरची सर्व्हिस सुरू होत नाहीये, फॉरमॅट मारा.’ पतसंस्था असो की डॉक्टरांचा दवाखाना, या एका वाक्यापायी चांगले चालते संगणक पुसले जातात. सर्व्हिस सुरू न होणं आणि सर्व्हिस चालू असून टास्क न होणं, हे दोन वेगळे बिघाड आहेत. आधी यातला कोणता, ते पाहायला हवं.

त्यासाठी ‘सर्व्हिसेस’ची खिडकी उघडा आणि टास्क शेड्यूलरच्या ओळीत ‘रनिंग’ दिसतं का पाहा. इथेच पहिला गैरसमज होतो. विंडोज १० आणि ११ मध्ये या सर्व्हिसची ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ ही बटणं फिकट असतात, ॲडमिन म्हणून लॉगिन केलं तरी. लोक घाबरतात, व्हायरस समजतात. पण ती तशीच ठेवलेली आहेत, कारण विंडोजची स्वतःची देखभालीची कितीतरी कामं याच सर्व्हिसवर चालतात आणि ती कुणी सहज बंद करू नये. ‘रनिंग’ दिसत असेल तर सर्व्हिस ठीक आहे, दोष टास्कमध्ये शोधायचा.

ती खरोखर बंद असेल तर ‘फाइल करप्ट झाली’ असं म्हटलं जातं. तसं होऊ शकतं, पण आधी दोन साध्या गोष्टी तपासाव्यात. ही सर्व्हिस एकटी उभी राहत नाही. तिच्याआधी रिमोट प्रोसीजर कॉल आणि सिस्टिम इव्हेंट्स ब्रोकर या सर्व्हिसेस सुरू व्हाव्या लागतात. त्यातली एक अडली की १०६८ क्रमांकाची एरर येते. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये ७००१ क्रमांकाची नोंद शोधा. कोणती सर्व्हिस कुणामुळे अडली, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. दुसरं कारण माणसांनीच केलेलं असतं. संगणकाचा वेग वाढवायच्या नावाखाली सर्व्हिसेस बंद करणारी टूल्स रजिस्ट्रीमध्ये ‘शेड्यूल’ या नावाखालची ‘स्टार्ट’ किंमत ४, म्हणजे डिसेबल्ड, करून ठेवतात. मूळ किंमत २ असते. रजिस्ट्रीची प्रत एक्स्पोर्ट करून मग २ करा आणि मशीन रिस्टार्ट करा. एवढ्यावर काम भागत असेल तर फॉरमॅटचं नाव कशाला काढायचं?

काही जण शेड्यूलरला कंटाळून आपली बॅच फाइलच सर्व्हिस म्हणून नोंदवतात, आणि मग १०५३ ही एरर येते. ‘मशीन स्लो आहे’ म्हणून रजिस्ट्रीत मुदत वाढवली जाते. ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते, पण प्रश्न वेळेचा नसतोच. सर्व्हिस म्हणून सुरू झालेल्या प्रोग्रॅमने विंडोजला ‘मी सुरू झालो’ असं ठरलेल्या पद्धतीने कळवावं लागतं. बॅच फाइलला ते येत नाही, त्यामुळे मुदत कितीही वाढवली तरी ती सुरू होणार नाही. ती टास्क म्हणूनच चालवावी.

आता सर्व्हिस चालू, टास्क मात्र नाही. ‘कंडिशन्स’च्या टॅबवर ‘संगणक मेन्स विजेवर असेल तरच सुरू करा’ या अर्थाची खूण आधीपासूनच असते. लॅपटॉपचं ठीक, पण डेस्कटॉपचा यूपीएस यूएसबी केबलने जोडलेला असेल तर विंडोज त्यालाही बॅटरी समजतं. अकराला वीज गेलेली असली की टास्क सुरूच होत नाही. लोडशेडिंगच्या गावात तर ही खूण काढून टाकलीच पाहिजे. आणि मशीन बंद राहिलं तर हुकलेला टास्क नंतर चालावा, यासाठी ‘सेटिंग्ज’मध्ये वेगळी खूण करावी लागते. लॉगिन नसताना चालणाऱ्या टास्कला नेटवर्कवरून जोडलेला तुमचा झेड ड्राइव्ह दिसत नाही, तिथे सर्व्हरचा पूर्ण पत्ताच द्यावा लागतो. विंडोजचा पासवर्ड बदलला तर टास्कमध्ये साठवलेला जुना पासवर्ड आपोआप बदलत नाही, तोही नव्याने भरायचा.

सगळ्यात घातक गैरसमज ‘लास्ट रन रिझल्ट’च्या रकान्याचा आहे. तिथे ०एक्स० दिसलं की बॅकअप झाला आणि ०एक्स१ दिसलं की फसला, असं धरलं जातं. तो आकडा शेड्यूलरचा निकाल नसतो. चालवलेल्या प्रोग्रॅमने जाताना जो कोड दिला, तोच तिथे छापला जातो. बॅकअपसाठी सर्रास वापरला जाणारा रोबोकॉपी घ्या. फाइली नीट कॉपी झाल्या तर तो १ देतो, कॉपी करण्यासारखं काहीच नसेल तर ०, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे निदान काही फाइली कॉपी झाल्या नाहीत. म्हणजे ज्या १ ला घाबरून लोक टास्क नव्याने बनवतात, ती यशाची खूण असू शकते, आणि दिवसभर एंट्र्या करूनही रात्री ० आला तर चुकीचा फोल्डर कॉपी होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी बॅकअपच्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलची तारीख, वेळ आणि साइज पाहा, आणि एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.