थकलेल्या घोड्याची चंदी

मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्यांच्या मौजफेऱ्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या आणि चालकांबरोबर घोड्यांच्याही पुनर्वसनाची योजना आखण्यास सरकारला सांगितले. चालक दुसरा धंदा शोधील. पंधरा-वीस वर्षांच्या घोड्याने कोठे जावे? घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. त्याचे वय तोंडात वाचावयाचे असते. पाचव्या वर्षापर्यंत दात पुरे होतात. पुढे ते झिजत, तिरके होत जातात, डोळ्यांवरचे खळगे खोलावतात. दाढांच्या धारदार कडांनी गाल सोलतात. मग घोडा अर्धवट चावलेला गवताचा बोळा तोंडातून टाकतो आणि मालकाला वाटते, जनावर माजले! वास्तविक वर्षातून एकदा जाणकाराकडून दाढा घासून घ्याव्यात, भिजवलेला कोंडा व मऊ चारा द्यावा, दीड-दोन महिन्यांनी नालबंदाकडून खूर छाटावेत. आणि ठाणावर बांधून न ठेवता रोज थोडे फिरवावे. वयामुळे निकामी झालेले जनावर कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाच आहे. परंतु जोखड उतरविल्यावर चंदी कोणी घालावयाची? जेथे जेथे घोडागाड्या बंद होतील, तेथे चालकाच्या अनुदानाहून वेगळी रक्कम घोड्याच्या नावे, त्याच्या मरणापर्यंत, सरकारने मांडली पाहिजे.