पक्षी सर्वांचा, रान कोणाचे?

इ. स. १६१२ मध्ये बादशहा जहांगीराच्या दरबारात एक विलक्षण पक्षी दाखल झाला. मुकर्रबखान नावाच्या सरदाराने तो गोव्याहून आणला होता. आकाराने लांडोरीहून मोठा, मोराहून लहान. मोराप्रमाणेच पिसारा उभारून नाचणारा. आणि डोके व मान अशी की घटकेत पोवळ्यासारखी लाल, घटकेत कापसासारखी पांढरी, तर घटकेत निळसर दिसावी. बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्याचे सविस्तर वर्णन केले आणि दरबारच्या चित्रकारांकडून त्याचे चित्रही काढून घेतले. उस्ताद मन्सूरच्या कुंचल्यातून उतरलेले मानले जाणारे ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

हा पक्षी म्हणजे टर्की. त्याच्या नावांची कथा मोठी गमतीची आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, पोर्तुगीजांनी त्याला ‘पेरू’ म्हटले, आणि खुद्द तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात! वास्तविक तो यांपैकी कोणत्याच देशाचा नव्हे. त्याची जन्मभूमी उत्तर अमेरिका. पाळीव टर्की जगभर पसरली. पण तिचे रानटी भाईबंद आजही तेथील ओकच्या आणि पाइनच्या रानांत स्वच्छंदपणे वावरतात. दर वसंत ऋतूत लक्षावधी अमेरिकन लोक त्यांच्या शिकारीस निघतात आणि त्या वेळी प्रत्येकाला एका प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते: शिकार कोणाच्या भूमीवर करावयाची? सरकारी रानात की खासगी शेतमळ्यावर?

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने वन्य प्राण्यांना संरक्षण दिले आणि शिकारीचे युग संपले. त्यामुळे हा प्रश्न कोणाला दूरचा वाटेल. परंतु जी वस्तू सर्वांची आहे ती एकाच्या बांधाच्या आत सापडली तर तिच्यावर हक्क कोणाचा, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न गायरानाच्या आणि विहिरीच्या पाण्याच्या तंट्यांत वाढलेल्या आपणा लोकांना मुळीच परका नाही.

प्रथम ही शिकार कशी चालते ते पाहू. रानटोर्कीचा पूर्ण वाढलेला नर सुमारे सात ते अकरा किलो वजनाचा असतो. इतका जड पक्षी उडत नसेल असे वाटते. परंतु तो वेगाने उडतो आणि रात्री उंच झाडावर रातथारा करतो. वसंतात पहाट फुटू लागली की नर त्या झाडावरूनच घशातून गडगडाटी साद घालतो. मादी ती साद ऐकून त्याच्याकडे जाते, हा निसर्गक्रम. शिकारी हा क्रम उलटा करू पाहतो. तो अंधारातच येऊन एखाद्या झाडाच्या बुंध्याशी बसतो आणि लाकडी पेटीचे झाकण घासून, पाटीच्या तुकड्यावर काडी ओढून किंवा तोंडातल्या लहानशा पडद्याने मादीचा आवाज काढतो. नराने स्वतः तिच्याकडे चालत यावे, असा हा आर्जव असतो. टर्कीची घ्राणशक्ती क्षीण असली तरी दृष्टी व कान विलक्षण तीक्ष्ण आहेत. एक बोट हलले तरी तासाभराची तपश्चर्या व्यर्थ जाते. छऱ्याच्या बंदुकीचा बार तीस-चाळीस पावलांपलीकडे उपयोगी पडत नाही. म्हणून या शिकारीत पाठलागापेक्षा स्तब्धता श्रेष्ठ. बहुतेक राज्यांत वसंतात फक्त नर, किंवा छातीवर केसांसारखी ‘दाढी’ असलेला पक्षी, मारण्याची मुभा असते. एक नर अनेक माद्यांशी जुगत असल्यामुळे काही नर कमी झाले तरी वंश खुंटत नाही, हे त्यामागील तत्त्व.

आता हक्काचा प्रश्न. जुन्या इंग्लंडात शिकार हा जमीनदारांचा विशेषाधिकार होता. त्या व्यवस्थेला कंटाळून अमेरिकेत आलेल्या लोकांनी निराळी कल्पना रुजविली. रानातला प्राणी कोणा एकाचा नाही. तो सर्व प्रजेचा, आणि राज्य हे त्याचे विश्वस्त. १८९६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘गीअर विरुद्ध कनेक्टिकट’ या खटल्यात राज्याच्या या अधिकाराला भक्कम आधार दिला. पुढे १९७९ साली न्यायालयाने राज्याच्या मालकीची कल्पना बाजूस सारली. तथापि वन्य जीवांचे नियमन राज्याने प्रजेसाठी करावे, ही भूमिका टिकून राहिली. म्हणजे पक्षी सर्वांचा. परंतु तो ज्या जमिनीवर चरतो ती जमीन मात्र सर्वांची नाही. जमिनीचा मालक टर्कीचा मालक नसतो. पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्याच्या हाती असते. त्यालाही परवाना, हंगाम आणि पक्ष्यांची मर्यादा हे नियम लागू असतात. ‘माझ्या शेतातली टर्की माझी’ असे त्याला म्हणता येत नाही, आणि ‘टर्की सर्वांची, म्हणून मी तुमच्या शेतात शिरतो’ असे परक्यालाही म्हणता येत नाही.

या दोन हक्कांची गाठ प्रत्येक राज्याने आपापल्या परीने घातली आहे. अमेरिकेतील एकूण भूमीपैकी सुमारे २८ टक्के भूमी केंद्र सरकारच्या ताब्यात आहे. पण तिची वाटणी फार विषम आहे. नेव्हाडात सुमारे ८० टक्के भूमी केंद्राची, तर टेक्ससमध्ये ९५ टक्क्यांच्या आसपास भूमी खासगी. म्हणून टेक्ससमध्ये शिकारीसाठी रान खंडाने घेण्याची प्रथा बळावली. व्हर्माँटने मात्र १७७७ सालच्या आपल्या राज्यघटनेतच, कुंपण नसलेल्या परक्या जमिनीवरही योग्य हंगामात शिकार करण्याची मोकळीक लोकांना दिली. कित्येक राज्यांत मालक झाडांच्या बुंध्यांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे ओढून ठेवतात. पाटी नसली तरी ‘आत येऊ नये’ हा त्यांचा कायदेशीर अर्थ. कॅन्सस राज्याने १९९५ पासून आणखी एक मार्ग काढला. सरकारच शेतकऱ्यांकडून जमिनी खंडाने घेते आणि परवानाधारकांना त्या पायी हिंडण्यास मोकळ्या करते.

खासगी भूमीचे सुख उघड आहे. तेथे गर्दी नसते. आज रानात कोण आहे, हे मालकाला ठाऊक असते. पक्ष्यांना माणसाचा ससेमिरा कमी, म्हणून ते निर्धास्तपणे साद देतात. शिवाय पूर्वेकडील बहुतेक टर्की खासगी रानांतच राहतात. ओकची झाडे राखणे, झुडपे माजू न देणे, मोजून-मापून आग लावून गवताळ मोकळ्या जागा टिकविणे, ही कामे मालकाने केली नाहीत तर पिलांना किडे आणि आडोसा मिळावयाचा कोठून? रानात टर्की आहे म्हणून चार पैसे किंवा चार स्नेही मिळतात, असे वाटल्यास तो ही कामे आनंदाने करतो. पण याची दुसरी बाजूही आहे. खंडाची रक्कम वाढत गेली की शिकार हा पुन्हा धनिकांचा विशेषाधिकार होतो. ज्याला ना जमीन, ना जमीनदार मामा, त्याने कोठे जावे?

त्याने जावे सार्वजनिक भूमीवर. राष्ट्रीय वनांची सुमारे १९ कोटी एकर भूमी, आणि शिवाय राज्यांनी राखलेली क्षेत्रे, यांचा मोठा भाग परवानाधारकाला खुला असतो. येथे कारखान्यातील कामगार आणि कारखान्याचा धनी एकाच झाडाशी बसू शकतात. परंतु सर्वांचे रान म्हणजे सर्वांची गर्दी. हंगाम सुरू झाला की नरांचे ओरडणे कमी होते, असे रानात ठेवलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रांवरून दिसून आले आहे. पहाटेपासून चहूकडून खोट्या माद्यांचे आवाज ऐकू येऊ लागले म्हणजे पक्षी मुका होतो आणि मुक्यानेच चालता होतो. सरकारी रानातला शिकारी म्हणून गाडीरस्ता सोडून दूर चालतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी जातो, आवाज कमी काढतो आणि अधिक वेळ बसतो.

याहून गंभीर गोष्ट जिवाची. या शिकारीत माणूस पक्ष्याचाच आवाज काढतो आणि पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे घालून दडून बसतो. दुसऱ्या शिकाऱ्याने तो आवाज खरा मानला तर काय होईल, हे सांगावयास नको. म्हणून अनुभवी लोक काही नियम कटाक्षाने शिकवितात. लाल, पांढरा वा निळा रंग अंगावर असू नये. जहांगीराला मोहविणारे नराच्या डोक्याचे तेच हे रंग! आपल्या खांद्यांहून रुंद बुंध्याला पाठ लावून बसावे. आवाजाच्या दिशेने दबा धरीत जाऊ नये. परका शिकारी जवळ येताना दिसला तर हात न हलविता स्पष्ट शब्दांत हाक द्यावी. शिकार हुकली तरी चालेल. टर्कीच्या पिसाऱ्याआड लपून पुढे सरकण्याच्या युक्तीला तर काही राज्यांनी सार्वजनिक भूमीवर बंदीच घातली आहे. खासगी रानात जे काम मालकाची ओळख करते, ते येथे अनोळखी माणसाविषयीच्या जबाबदारीने करावे लागते.

मिसुरी राज्याच्या नियमांत हा भेद स्पष्ट दिसतो. तेथे वसंतातील शिकार पूर्वापार दुपारी एक वाजता थांबत असे. २०२४ पासून खासगी भूमीवर ती सूर्यास्तापर्यंत चालू ठेवण्याची मुभा मिळाली. सार्वजनिक भूमीवर मात्र एकची मर्यादा कायम ठेवली गेली. जेथे बंदुका अधिक, तेथे पक्ष्याला अर्धा दिवस उसंत, असा त्याचा परिणाम.

याच मिसुरीचा इतिहास आपल्या विषयावर अखेरचा प्रकाश टाकतो. जंगलतोड आणि बाजारासाठी केलेली बेसुमार कत्तल यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभी देशातील रानटर्की नामशेष होण्याच्या बेतात आली. मिसुरीने १९३७ साली तिची शिकार बंद केली. त्याच वर्षी केंद्राने पिटमन-रॉबर्टसन कायदा करून बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न राज्यांतील वन्य जीवांच्या संवर्धनाला लावून दिले. कर भरणारा शिकारी सरकारी रानात जातो की खासगी, हे कोणी विचारीत नाही. प्रथम खुराड्यात वाढविलेली पिले रानात सोडून पाहिली. पण रानटी आईची शिकवण न मिळालेली ती पिले तगली नाहीत. मग मक्याचे दाणे टाकून, जमलेल्या थव्यावर तोफेच्या जोराने जाळे उडवून खरीखुरी रानटर्की पकडण्याची युक्ती निघाली. मिसुरीत १९५४ साली पेक रँच या सरकारी क्षेत्रात असे पक्षी पकडण्यास सुरुवात झाली आणि राज्यभर नवे थवे वसविण्यात आले. ज्या राज्याची सुमारे ९३ टक्के भूमी खासगी, तेथे शेतकऱ्यांच्या सहकार्यावाचून हे थवे फोफावणे शक्यच नव्हते. १९६० साली शिकार पुन्हा सुरू झाली. देशभरातही टर्कीची संख्या साठ लाखांच्या पुढे गेली.

अलीकडे मात्र अनेक राज्यांत, विशेषतः आग्नेय भागात, दर मादीमागे जगणाऱ्या पिलांचे प्रमाण घटले आहे. हंगाम उशिरा सुरू करावा काय, पक्ष्यांची मर्यादा कमी करावी काय, यावर पुन्हा विचार सुरू झाला आहे. सार्वजनिक भूमीवरचा शिकारी म्हणतो, मोठ्या मळ्यांचे मालक पक्षी अडवून ठेवतात. मालक म्हणतो, सरकारी रानात पक्ष्यांचा संहार होतो. दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य असेल. पण टर्की सरकारी ओकवर रातथारा करते, सकाळी शेतकऱ्याच्या कुरणात उतरते आणि घरटे करते ते कोणाच्या तरी बांधावरच्या झुडपात. तिला सातबारा वाचता येत नाही. तिला एकदा वाचविले ते सरकारी रानाने आणि खासगी कुरणाने मिळून. आणि यापुढेही ती टिकावयाची असेल तर त्याच दोघांच्या आधाराने टिकेल.