गुन्हा नव्हताच, नोकरी मात्र गेली

डिसेंबर १९८७ मध्ये मध्य प्रदेशच्या विशेष सशस्त्र दलातल्या दोन महिला शिपायांनी, लीला आणि ऊर्मिला यांनी, गांधर्व पद्धतीने लग्न केले. भोपाळच्या २३व्या बटालियनला हे कळले आणि १९८८ मध्ये दोघींची नोकरी गेली.

‘अनैसर्गिक’ शरीरसंबंध गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ तेव्हा होतेच. पण त्यातल्या गुन्ह्याची व्याख्या अशी होती की दोन स्त्रियांच्या संबंधांना ते लावणे कठीणच. स्त्रियांना त्याची भीती दाखवली जाई, घाव मात्र घरातून, चौकीतून आणि कचेरीतून पडे. म्हणूनच सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध या कलमातून वगळणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाचे खरे मोल मला त्याच्या पुढच्या भागात दिसते: लैंगिक कलामुळे भेदभाव करणे म्हणजे समतेच्या हक्कावरच घाला. त्याच आधारावर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका बडतर्फ होमगार्डला पुन्हा सेवेत घ्यायला लावले. भोपाळच्या दोघींना हा आधार तीस वर्षे उशिरा आला.

माहेरचा धाक याहून मोठा. मुलगी मैत्रिणीबरोबर निघून गेली की घरचे हरवल्याची नाहीतर पळवून नेल्याची तक्रार देतात आणि सज्ञान मुलीला पोलीस परत घरी आणून सोडतात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आपण सासरच्या छळापुरता समजतो. कोंडणारा बाप, मारणारा भाऊ हेही त्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर आईविरुद्धही दाद मागता येते. डांबून ठेवलेल्या मुलीला न्यायालयापुढे हजर करायला लावणारी हेबियस कॉर्पस याचिकाही आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना बजावले, की अशा मुलीशी आईवडिलांना दूर ठेवून एकांतात बोला, तिच्या जिवाला धोका दिसला तर तत्काळ संरक्षण द्या आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायला जाऊ नका. ही सूचना प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर लागायला हवी.

समलिंगी जोडप्यांसाठी लग्नाचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने बंदच राहिले. तरी मद्रास उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये, एका मुलीला तिच्या जोडीदारणीकडे जाऊ देताना, कुटुंब लग्नानेच बनते असे नाही, ते निवडताही येते, असे म्हटले. बँकेत संयुक्त खाते काढायला आणि जोडीदारणीला त्या खात्यावर नामनिर्देशित (नॉमिनी) करायला आडकाठी नाही, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. पण आज भोपाळमधली एखादी महिला शिपाई कर्तव्यावर असताना गेली, तर कुटुंब निवृत्तिवेतनाच्या अर्जात तिच्या जोडीदारणीसाठी रकाना नाही.