शोभेच्या कुंड्यांतील विष

अळू आणि सुरण यांच्याच कुलातील डिफेनबॅकिया ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. ठिपकेदार रुंद पानांमुळे आणि कमी उजेडातही तग धरण्याच्या गुणामुळे ती आता शहरांतील दिवाणखान्यांत सर्रास आढळते. तिच्या उपद्रवाचे मर्म अळवाशी असलेल्या तिच्या नात्यातच आहे.

कच्चे अळू घशात खाजते, हे महाराष्ट्रातील कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक असते. म्हणूनच ते नीट शिजवून त्यात चिंच वा आमसूल घालण्याचा प्रघात आहे. ही खाज मुख्यत्वे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांमुळे सुटते. डिफेनबॅकियाच्या पानांत व खोडांत असे स्फटिक जुड्यांच्या रूपाने विशिष्ट पेशींत साठलेले असतात. पान चावताच पेशी फुटून ते बाहेर पडतात व जीभ, ओठ आणि घसा यांत रुततात. आग होते, सूज येते, लाळ गळते. क्वचित काही काळ वाचाही बसते. मनी प्लँट व फिलोडेंड्रॉन या वेलींतही हेच स्फटिक असतात.

अशा वेळी मुलाच्या तोंडातील तुकडे काढून तोंड ओल्या फडक्याने पुसावे आणि थंड पाणी वा दूध घोट घोट द्यावे. मिठाचे पाणी पाजून वांती करविण्याची जुनी रीत येथे अपायकारकच ठरते, कारण दाह झालेल्या घशातून तोच पदार्थ पुन्हा वर येतो. श्वास वा गिळणे अडू लागल्यास मात्र विलंब न करता रुग्णालय गाठावे.

तथापि या वनस्पतीत वेदना हीच एक प्रकारची राखण होय. पहिल्या घासानंतर दुसरा घास सहसा घेतला जात नाही. अंगणातील कण्हेर व पिवळी कण्हेर ऊर्फ बिट्टी यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील ग्लायकोसाइडे थेट हृदयाच्या स्पंदनावर परिणाम करतात. आरंभी केवळ ओकाऱ्या होतात, आणि नाडी मंद वा अनियमित होण्यास कित्येकदा काही तास लागतात. श्रीलंकेत पिवळ्या कण्हेरीच्या विषबाधेवर डिजॉक्सिनविरोधी प्रतिद्रव्ये उपयुक्त ठरल्याचे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. परंतु हे औषध महाग असून सर्वत्र मिळत नाही. म्हणून बिट्टीचे बी चावलेले मूल हसतखेळत असले तरी त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि वनस्पतीची एक डहाळी सोबत घ्यावी.