पावसाळी ताप आणि दहिसरची नदी

पावसाळा लागला की दवाखान्यात तापाच्या रुग्णांची रीघ लागते. मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड, कावीळ ही नावे आता घरोघरी परिचयाची झाली आहेत. त्याच रांगेत आणखी एक ताप उभा असतो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. तो डासाने होत नाही आणि बहुधा शिळ्या अन्नानेही होत नाही. तो होतो घाण पाण्यात भिजलेल्या पायांमुळे. म्हणून आज औषधाच्या आधी पाण्याविषयी, म्हणजे एका नदीविषयी लिहितो.

माझा दवाखाना बोरिवलीत आहे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतला मुलगा, भाऊ किंवा जावई याच भागात राहतो. त्याच्या घरापासून फार लांब नाही अशी एक नदी वाहते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विचारले तर ‘तो नाला होय!’ असे उत्तर मिळते. तो नाला नव्हे, ती दहिसर नदी आहे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील तुळशी तलावाच्या परिसरात तिचा उगम आहे. हा तलाव मुंबईला पिण्याचे पाणी मिळावे म्हणून १८७९ साली बांधला गेला. तेथून बोरिवली, दौलतनगर, दहिसर गावठाण असा सुमारे १२ किलोमीटरचा प्रवास करून नदी मनोरीच्या खाडीला मिळते. पोयसर, ओशिवरा आणि मिठी या तिच्या बहिणी. चौघींचे माहेर याच डोंगररांगेत.

उद्यानाच्या हद्दीत ही नदी खऱ्या अर्थाने नदी आहे. दगडगोट्यांवरून पाणी खळाळते, डोहात मासे दिसतात. जंगलातील पालापाचोळा आणि माती पावसाचे पाणी शोषून घेतात व सावकाश सोडतात. दगडांवर आपटताना पाण्यात हवा मिसळते. याच डोंगरात कान्हेरीच्या लेणी आहेत. तेथील भिक्षूंनी खडकात टाकी खोदून पावसाचे पाणी साठवले आणि शेकडो वर्षे त्यावर आपली तहान भागवली.

उद्यानाची हद्द संपली की चित्र पालटते. दहिसरचा भाग १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आला. त्यापूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता आणि भातशेतीचा, गावठाणांचा मुलूख होता. पुढे शेतांच्या जागी इमारती आल्या, काठावर झोपड्या व तबेले उभे राहिले. सांडपाणी, शेण आणि कचरा यांना नदीचा मार्ग मोकळा मिळाला.

आता थोडे शास्त्र पाहू. पाण्यातही प्राणवायू विरघळलेला असतो आणि त्यावरच मासे जगतात. आंघोळीयोग्य पाण्यात एका लिटरमागे निदान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असे मानक आहे. मैला आणि शेण पाण्यात पडले की ते कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू खाऊन टाकतात. मग मासे मरतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नाकाला रुमाल लावून आपण पूल ओलांडतो तेव्हा गुदमरलेल्या नदीचाच वास आपल्याला येत असतो.

कचरा आला की उंदीर-घुशी आल्या. येथून आपल्या तापाची गोष्ट सुरू होते. लेप्टोस्पायरा नावाचे मळसूत्रासारखे वळलेले सूक्ष्म जंतू उंदरांच्या मूत्रपिंडात राहतात. उंदीर स्वतः आजारी पडत नाही, पण महिनोन् महिने लघवीवाटे जंतू बाहेर टाकत राहतो. गाई-म्हशी, कुत्रे आणि डुकरे यांच्या लघवीतूनही ते येतात. ओलसर माती आणि गोडे पाणी मिळाले की हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात. कोरड्या उन्हात मात्र लवकर मरतात. म्हणून हा आजार पावसाळ्याचा. भातलावणीत चिखलात उभ्या राहणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही तो होतो, हे ध्यानात ठेवावे.

नदीला पूर आला की हे पाणी रस्त्यावर आणि घरात येते. जमीन सिमेंटने झाकल्यामुळे पाऊस मुरत नाही, सगळा एकदम नदीत उतरतो. त्याच वेळी समुद्राला भरती असेल तर खाडीचे तोंड जणू बंद होते आणि पाणी मागे फुगते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांनी हा अनुभव घेतला. लाखो माणसे तासन् तास कमरेएवढ्या पाण्यातून चालली. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले.

जंतू शरीरात शिरतात ते पायाच्या जखमेतून, भेगांतून, चिखल्यांतून, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक त्वचेतून. बहुधा ५ ते १४ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप येतो. डोके आणि अंग दुखते. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. पुष्कळांचा आजार एवढ्यावरच आटोपतो. काहींना मात्र कावीळ होते, लघवी कमी होते, धाप लागते, खोकल्यातून रक्त पडते. हा धोक्याचा इशारा आहे.

माझ्या पाहण्यात असे रुग्ण येतात, की ज्यांनी चार-पाच दिवस दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाल्लेल्या असतात. कोणी कावीळ उतरवून घेण्यासाठी हेलपाटे घातलेले असतात. अंगदुखीच्या काही गोळ्या मूत्रपिंडावर आणखी ताण आणतात. वेळेवर सुरू केलेल्या साध्या प्रतिजैविकांनी जो आजार बरा होतो, त्यासाठी मग डायलिसिसची वेळ येते. रक्ताची तपासणी पहिल्या काही दिवसांत निर्दोष येऊ शकते. म्हणून ‘मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ किंवा ‘लावणीला गेलो होतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. निम्मे निदान या एका वाक्यात असते.

आता काय करावे ते सांगतो :

१) पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. उतरणे भागच असेल तर गमबूट घालावेत.

२) घरी आल्यावर पाय साबणाने स्वच्छ धुवून कोरडे करावेत व जखमेवर जंतुनाशक लावावे.

३) पुराच्या पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिबंधक औषध आहे, पण त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना ते देत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरे औषध असते.

४) पूर ओसरल्यावर पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. कावीळ, टायफॉइड आणि कॉलरा याच घाणीतून येतात.

५) खरकटे व कचरा उघड्यावर टाकू नये. कचरा तेथे उंदीर आणि उंदीर तेथे लेप्टो.

औषधाची गोळी एका माणसाला एका पावसाळ्यापुरती वाचवते. नदीत मैला, शेण व कचरा जाणे थांबले तर सगळी वस्ती वाचेल. दहिसर नदी उद्यानाच्या आत आजही जिवंत आहे, म्हणजे दोष तिच्या पाण्यात नाही. आपल्या गावच्या ओढ्याचे अजून गटार झाले नसेल, तर तो सांभाळावा. चार पैसे आणि थोडे श्रम आज खर्च झाले, तर पुढचे दवाखान्याचे बिल वाचेल.